बिबट्याचा फोटो खरा की बनवलेला? एडिटिंगची रेषा नेमकी कुठे ओढायची?

अंधारी गल्ली, एका बाजूला उभे टेम्पो, मध्ये चमकत्या डोळ्यांचा बिबट्या आणि खाली एक ओळ : 'आत्ताच मार्केट यार्डात दिसला, सगळ्या ग्रुपवर पाठवा.' असा मेसेज तुमच्या फोनवर आला तर तुम्ही काय कराल?

काही वर्षांपूर्वी असा फोटो बनवायला फोटोशॉपवर हात बसलेला माणूस आणि दोन-चार तास लागायचे. आता एक वाक्य टाइप केलं की अर्ध्या मिनिटात फोटो तयार होतो. दुसरीकडे, हौसेने जंगलात जाऊन खरे फोटो काढणारेही तेच सॉफ्टवेअर वापरतात. मग एडिट केलेला प्रत्येक फोटो खोटा समजायचा का? आणि तसं नसेल, तर खरं-खोटं ठरवायचं कसं?

पुण्यासाठी हा प्रश्न फक्त छंदापुरता उरलेला नाही.

पुण्यात हा विषय इतका नाजूक का?

केंद्र सरकारने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अहवालानुसार देशात सुमारे १३,८७४ बिबटे आहेत आणि त्यातले १,९८५ महाराष्ट्रात. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांतल्या उसाच्या पट्ट्यात बिबट्यांच्या पिढ्यान् पिढ्या वाढल्या आहेत. उसात लपायला जागा मिळते, पाणी मिळतं आणि वस्तीजवळ कुत्री, शेळ्या, वासरं मिळतात.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यात तिघांचा जीव गेला. त्यात लहान मुलंही होती. संतापलेल्या गावकऱ्यांनी रास्ता रोको केला, वनविभागाची गाडी पेटवली. अखेर बिबट्याला गोळ्या घालून ठार करण्यात आलं.

शहरही यापासून लांब राहिलेलं नाही. एप्रिल २०२५ मध्ये लोहगाव विमानतळाच्या आवारात बिबट्या दिसला. नोव्हेंबर २०२५ मध्ये औंध भागात पहाटेच्या वेळी तो सीसीटीव्हीत कैद झाला. त्यामुळे 'पुण्यात बिबट्या' हे वाक्य ऐकून आता कुणी हसत नाही. नेमक्या याच काळात एआयने बनवलेले बिबट्यांचे फोटो आणि व्हिडिओ मोबाईलवर फिरू लागले आणि अफवा पसरवू नका, असं आवाहन वनविभागाला करावं लागलं.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डाचं उदाहरण घेऊ. ज्या तालुक्यांत बिबट्या रोजच्या जगण्याचा भाग झालाय, तिथूनही भाजीपाल्याच्या गाड्या रात्रीतून इथे येतात. हमाल, तोलणार, आडते आणि टेम्पोवाले पहाटेच्या अंधारात कामाला लागतात. गाडीसोबत मालाबरोबर गावाकडच्या बातम्याही येतात. अशा ठिकाणी एक खोटा फोटो पडला, तर तो 'कुठल्या तरी जंगलातला' राहत नाही. रात्री उसाला पाणी द्यायला गेलेला भाऊ, वस्तीवर एकटी असलेली आई, असं सगळं त्या फोटोला जोडलं जातं.

खोट्या व्हिडिओंनी आधी काय केलंय?

२०२५ च्या शेवटच्या महिन्यांत दोन व्हिडिओ देशभर गाजले. एकात पेंचजवळच्या रस्त्यावर एक दारूडा माणूस वाघाच्या डोक्यावरून हात फिरवत त्याला बाटली पुढे करताना दिसत होता. दुसरा चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीच्या नावाने फिरला. वनविभागाच्या विश्रामगृहासमोर बसलेल्या माणसाला वाघ उचलून नेतो, असं त्यात दिसत होतं. दोन्ही व्हिडिओ सीसीटीव्हीचे वाटावेत असे होते. अशी कुठलीही घटना घडलेली नाही, हे व्हिडिओ एआयने बनवलेले आहेत, असा खुलासा अधिकाऱ्यांना करावा लागला.

पहिला व्हिडिओ पाहून लोक हसले, दुसरा पाहून घाबरले. नुकसान मात्र दोन्हींनी केलं. पहिल्याने वाघ म्हणजे मोठं मांजर असल्याचा समज पसरवला. दुसऱ्याने अशा जिल्ह्यात भीती वाढवली, जिथे वाघाच्या हल्ल्यात माणसं खरोखर मरतात.

मग एडिटिंगच वाईट का?

नाही. हा गैरसमज आधी दूर करायला हवा.

डिजिटल कॅमेऱ्याचा 'रॉ' फोटो म्हणजे सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाची नोंद. तो मूळ स्वरूपात फिका आणि सपाट दिसतो. त्याचा उजेड, रंगांचा समतोल आणि कॉन्ट्रास्ट नीट करावाच लागतो. मोबाईलमध्ये हेच काम फोन स्वतः करतो. तुम्ही बटण दाबता तेव्हा फोन अनेक फ्रेम जोडतो, आवाज म्हणजे दाणेदारपणा कमी करतो, कडा ठळक करतो. म्हणजे 'नो फिल्टर' लिहिलेला फोटोही प्रक्रियेतून गेलेलाच असतो.

भिगवणला पहाटे धुक्यात काढलेला फ्लेमिंगो किंवा मार्केट यार्डावर घिरट्या घालणारी घार, दोन्ही फोटोंना थोडं सावरावं लागतंच. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' या नावाजलेल्या स्पर्धेतही उजेड-अंधार, रंग, क्रॉप आणि सेन्सरवरच्या धुळीचे डाग काढणं याला परवानगी आहे. पण फोटोत नसलेली गोष्ट घालणं किंवा असलेली काढणं चालत नाही. अंतिम फेरीतल्या स्पर्धकांकडून मूळ रॉ फाइल मागवली जाते.

अनेक नवशिक्यांना हा नियम जाचक वाटतो. पक्ष्यासमोर आलेली एक काडी पुसली तर बिघडलं काय?

दिवाणखान्यात लावायच्या फोटोत बहुधा काहीच बिघडत नाही. पण वन्यजीव फोटो ही एक साक्षही असते. हा प्राणी, या जागी, या वेळी, असं करत होता, हे तो फोटो सांगतो. काडी पुसणारा माणूस उद्या गळ्यातला रेडिओ कॉलर पुसेल, परवा पाठीमागचं कुंपण. मग पिंजऱ्यातला बिबट्या 'जंगलातला' होऊन जातो. म्हणून रेषा सोपी ठेवलेली बरी : जे दिसलं ते स्पष्ट करणं म्हणजे एडिटिंग, जे घडलं ते बदलणं म्हणजे खोटेपणा.

ही रेषा ओलांडणारे कसे सापडले?

चीनमधलं प्रकरण सर्वात बोलकं आहे. २००७ मध्ये शांक्सी प्रांतातल्या एका शेतकऱ्याने जंगलातून जवळपास नामशेष झालेल्या दक्षिण चिनी वाघाचे फोटो आणले. तिथल्या वनखात्याने पत्रकार परिषद घेऊन ते खरे असल्याचं जाहीर केलं. इंटरनेटवरच्या सामान्य लोकांनी मात्र शंका काढली. वाघ प्रत्येक फोटोत एकाच पवित्र्यात कसा? पुढे तोच वाघ छापलेलं एक जुनं पोस्टर सापडलं. कापलेलं चित्र झाडीत ठेवून फोटो काढले होते. २००८ मध्ये ते बनावट ठरले, शेतकऱ्याला शिक्षा झाली आणि अधिकाऱ्यांवरही कारवाई झाली. यात सॉफ्टवेअरचा संबंधच नव्हता.

स्वीडनमध्ये तेर्ये हेलेसो या पुरस्कारप्राप्त निसर्ग छायाचित्रकाराचं बिंग २०११ मध्ये फुटलं. जुलैत काढल्याचं सांगितलेल्या फोटोतल्या लिंक्स या रानमांजराच्या अंगावर हिवाळ्यातली दाट फर होती. दुसऱ्याच फोटोतला प्राणी उचलून चिकटवल्याचं त्याने अखेर मान्य केलं.

'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर'चे विजेतेही यातून सुटले नाहीत. कुंपणावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा २००९ चा विजेता फोटो पुढच्या वर्षी बाद झाला, कारण तो लांडगा माणसाळवलेला असण्याची दाट शक्यता परीक्षकांना दिसली. २०१७ च्या एका विजेत्या फोटोतलं मुंगीखाऊ हे पेंढा भरलेलं असावं, या निष्कर्षावर तज्ज्ञ आले आणि २०१८ मध्ये तोही बाद झाला.

या चारपैकी तीन प्रकरणांत फोटो 'एडिट' झालाच नव्हता. खोटी होती ती फोटोमागची गोष्ट. आजही सहज बनवता येणारा खोटा फोटो म्हणजे खरा फोटो आणि खोटी ओळ. बिबट्या खरा, गल्लीही खरी, पण गाव दुसरं आणि वर्ष तिसरंच.

उलटंही घडतं : खरा फोटो खोटा वाटू लागतो

मुंबईचे नयन खानोलकर यांच्या बिबट्याच्या फोटोला २०१६ मध्ये याच स्पर्धेत शहरी वन्यजीव गटाचं पारितोषिक मिळालं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या वस्तीतल्या अरुंद गल्लीतून, दिव्याच्या उजेडात निवांत चालत जाणारा बिबट्या त्यात आहे. कॅमेरा ट्रॅप लावून खानोलकरांनी त्यासाठी कित्येक महिने वाट पाहिली. तोच फोटो आज एखाद्या ग्रुपवर पहिल्यांदा आला, तर पहिली कमेंट काय येईल? 'एआय आहे.'

२०२४ मध्ये तर याची गंमतच झाली. माइल्स अॅस्ट्रे या छायाचित्रकाराने डोकं नसल्यासारख्या दिसणाऱ्या फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो एका स्पर्धेच्या एआय गटात मुद्दाम पाठवला. पक्षी फक्त मान वळवून पोट खाजवत होता. फोटोला बक्षीस मिळालं आणि तो खरा आहे हे कळल्यावर बाद करण्यात आलं.

गंमत तिथे संपते. 'लांडगा आला रे आला'ची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. वनविभागाच्या तुकडीने एका रात्रीत तीन खोट्या फोटोंच्या मागे धावावं आणि चौथा खरा असावा, अशी वेळ आली तर? रेस्क्यू टीम, पिंजरे आणि गाड्या मोजक्याच असतात. आणि चौथ्या फोटोवर गावानेच विश्वास ठेवला नाही, तर मुलं अंगणात खेळत राहतात.

अभ्यासकांचंही नुकसान होतं. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके आणि वाघाचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येकाचे वेगळे असतात. त्यावरून प्राणी ओळखले आणि मोजले जातात. आता अनेक अॅप फोटोतला दाणेदारपणा काढताना पुसट तपशील अंदाजाने भरतात. फोटो छान दिसतो, पण ठिपके त्या बिबट्याचे राहतीलच असं नाही. ई-बर्ड किंवा आय-नॅचरलिस्टवर नोंद करणाऱ्या हौशी लोकांनी म्हणूनच कमीत कमी एडिट केलेला फोटो द्यावा.

खरं-खोटं कसं ओळखायचं?

'पंजाची बोटं मोजा, दुकानाच्या पाटीवरची अक्षरं वाचा' हे सल्ले अजूनही उपयोगी पडतात. एआयच्या फोटोत मराठी पाट्या बऱ्याचदा गिचमिड असतात. पण ही साधनं दर महिन्याला सुधारतायत, त्यामुळे फक्त डोळ्यांवर भिस्त ठेवून चालणार नाही. त्यापेक्षा काही साधे प्रश्न विचारा.

• फोटो कुणी काढला? 'एका मित्राने पाठवला' हे उत्तर नाही. काढणारा माणूस सापडत नसेल तर फोटो तिथेच थांबवा.

• आणखी फ्रेम आहेत का? खरा बिबट्या दिसल्यावर कुणी एकच फोटो काढून थांबत नाही. मागचा-पुढचा, हललेला, अर्धा कापलेला फोटो असतोच.

• मूळ फाइल आहे का? मूळ फोटोत तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची माहिती असते. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की ती निघून जाते. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

• आधी कुठे आलाय का? गुगल लेन्सवर फोटो टाकला की तो जुना किंवा परगावचा असल्यास अनेकदा लगेच कळतं.

• छुपी खूण आहे का? गुगलच्या एआयने बनवलेल्या फोटोंत 'सिंथआयडी' नावाची न दिसणारी खूण असते आणि ती जेमिनी अॅपमध्ये तपासता येते. पण खूण सापडली नाही म्हणजे फोटो खरा, असं होत नाही. तो दुसऱ्या कंपनीच्या साधनाने बनवलेला असू शकतो.

तरीही शंका असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. ग्रुपवर टाकून 'हे खरं आहे का?' विचारणं म्हणजेही फॉरवर्ड करणंच. लोकांत घबराट पसरेल अशी खोटी माहिती पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ नुसार गुन्हा ठरू शकतो.

हौशी फोटोग्राफरचं काय?

खरा बिबट्या, तरस किंवा घुबडाचं घरटं तुमच्या कॅमेऱ्यात आलं, तर जबाबदारी आणखी वाढते. नेमकी जागा टाकली की दुसऱ्या दिवशी तिथे गाड्यांची रांग लागते. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीला बछड्यांसह घेरलं होतं. त्याची दखल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून घेतली. ते फोटो खरे होते, त्यांत कसलंही एडिटिंग नव्हतं. तरीही ते काढण्याची पद्धत चुकीची होती.

म्हणून जागा लपवायला हरकत नाही, पण खोटी जागा सांगू नये. दोन फोटो जोडले असतील तर तसं लिहावं. प्राणी संग्रहालयातला किंवा निवारा केंद्रातला असेल तर तेही लिहावं. एआयने बनवलं असेल तर फोटोवरच लिहावं, कारण खालची ओळ पुढच्या ग्रुपवर पोहोचत नाही, फोटो पोहोचतो. आणि मूळ फाइल जपून ठेवावी. कुणी शंका घेतली तर वाद घालण्यापेक्षा ती दाखवणं सोपं असतं.

जुन्नर-शिरूरच्या शेतकऱ्याला बिबट्यासोबत राहायचंय, ते टाळता येत नाही. त्यासाठी त्याला दोन गोष्टी हव्यात : धोका असेल तेव्हा खरी खबर आणि नसेल तेव्हा रात्रीची झोप. एक खोटा फोटो या दोन्ही हिरावून घेतो.