विस्मयाला परवाना कशाला?

मराठीत विज्ञानकथेची स्तुती करायची एक ठरलेली रीत आहे. 'या कथांमुळे वाचकांत वैज्ञानिक दृष्टिकोन रुजतो' असे म्हणायचे, लेखक स्वतः वैज्ञानिक असल्यास त्याचा आदराने उल्लेख करायचा आणि विषय आटोपता घ्यायचा. कथा कशी बांधली आहे, तिची भाषा कशी आहे, ती वाचताना अंगावर काटा येतो की नाही, हे विचारायचे नाही. समोर बाजरीची भाकरी वाढलेली असताना तिच्यात लोह किती आहे याचीच चर्चा करावी, तसा हा प्रकार आहे. आणि अद्भुतकथेच्या वाट्याला तर हेही येत नाही. तिच्यात लोहही नाही! ती मुलांसाठी, नाहीतर फिरत्या वाचनालयातल्या, पाने दुमडलेल्या पुस्तकांसाठी.

या दोन्ही प्रकारांवर मनापासून प्रेम करणारा आणि पोटासाठी मराठी साहित्य शिकवणारा माणूस म्हणून मला या रीतीचा कंटाळा येऊन बरीच वर्षे झाली. आता राग येतो.

जयंत नारळीकरांचेच उदाहरण घ्या. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून घेतलेले नाव. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हातून लिहून घेतली. परीक्षकांनी जगतापांना पहिले बक्षीस दिले. म्हणजे नारळीकरांना हवा होता तो निव्वळ कथेचा न्याय, आणि तो त्यांना मिळाला, पण एकदाच. त्यानंतरची जवळजवळ पन्नास वर्षे मराठी समीक्षा जगतापांना विसरली आणि वैज्ञानिकाला सलाम करत राहिली. २०२१ साली ते नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हाही, आणि मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर आलेले जे लेख मी वाचले त्यांतही, कथा हा थोर शास्त्रज्ञाचा एक लोभस छंद म्हणूनच आला. विज्ञानप्रसाराचा हेतू त्यांनी स्वतः कधी लपवला नव्हता, हे खरे. पण लेखकाचा हेतू म्हणजे कलाकृतीचे मूल्य नव्हे, हे आपण पदवीच्या पहिल्या वर्षात शिकवतो ना? मग विज्ञानकथेपाशीच ते कसे विसरतो?

'उजव्या सोंडेचा गणपती' ही त्यांची कथा पाहा. मोबियसच्या पट्टीसारख्या पिळलेल्या अवकाशातून फेरी मारून आलेली वस्तू आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी होते, ही तिच्यातली कल्पना. माणूस जाऊन आला की त्याचा उजवा हात डावा होतो. डाव्या सोंडेची मूर्ती जाऊन आली की तिची सोंड उजवीकडे वळते. शिकवणीच समजावून द्यायची तर हातमोज्याचे उदाहरण पुरले असते. पण मराठी घरात उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक सोवळे, चुकलेल्या पूजेची धास्ती, 'आपल्याला झेपणार नाही बाई' म्हणून दुकानात परत ठेवलेली मूर्ती. ही सगळी धास्ती भूमितीच्या एका पिळातून निर्माण होते, आणि वाचक भूमिती व देव्हारा यांच्यामध्ये क्षणभर अधांतरी राहतो. ते अधांतरी राहणे ही खास साहित्याची कमाई आहे. पाठ्यपुस्तकाला ती साधत नाही. या कथेवर पदव्युत्तर वर्गात एक पूर्ण तास चर्चा झाल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

समीक्षेची दुसरी युक्ती अधिक चतुर आहे. एखादी अद्भुतकथा फारच चांगली निघाली आणि नाकारणे अशक्य झाले, की तिचे नाव बदलायचे. जी. ए. कुलकर्णींच्या 'रमलखुणा'तल्या (१९७५) 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घकथा कुठल्याही नकाशावर नसलेल्या प्रदेशांत घडतात. जगातल्या कुठल्याही अद्भुतप्रेमी वाचकाने त्यांना पहिल्या पानात आपले म्हटले असते. आपण मात्र त्यांना 'रूपककथा' म्हणतो. विलास सारंगांच्या कथांत अशक्य ते सहज घडते. तेथे आपण 'अस्तित्ववाद' म्हणतो. मग नारायण धारपांकडे वळून 'ही रंजनप्रधान भयकथा' असे म्हणायला आपण मोकळे! जीए आणि धारप एकाच तोलाचे लेखक आहेत असे मी म्हणत नाही, नाहीतच. धारपांनी परक्या कथा उचलल्या, घाईत लिहिले, पुष्कळ लिहिले. 'आजी' ही त्यांची कथा स्टीफन किंगच्या कथेवरून आलेली आहे. पण तिच कथा एका मुलाच्या कानावर पडली आणि वर्षांनी २०१८ मध्ये तिच्यातून 'तुंबाड' हा चित्रपट उगवला, तेव्हा ती भीती येथल्या पावसात, वाड्यात आणि हावेत किती रुजली होती हे सगळ्यांनी पाहिले. वाचकाच्या मनात एवढा खोल जाणारा लेखक अभ्यासाचा विषय होऊ शकत नसेल, तर अभ्यासाच्या व्याख्येत काही गडबड आहे. माझ्या परिचयातल्या एका विद्यार्थ्याने धारपांवर प्रबंध करायची इच्छा व्यक्त केली तेव्हा मार्गदर्शकांनी त्याला विचारले, "आणि नोकरी कुठे करणार?" विनोद म्हणून हे वाईट नाही.

या तुच्छतेच्या मुळाशी वाङ्मयेतिहासाची एक गोष्ट आहे, आणि ती आम्हीच वर्गात सांगतो. मराठी कादंबरी लहान होती तेव्हा 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' अशा अद्भुतरम्य स्वप्नांत रमली. मग हरिभाऊ आपटे आले, १८८५ मध्ये 'मधली स्थिती' लिहू लागले, आणि कादंबरी वयात आली. अद्भुत म्हणजे बाल्य, वास्तव म्हणजे प्रौढत्व. गोष्ट सुबक आहे, पण सनावळीत बसत नाही. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे. विधवांच्या दुःस्थितीवरचे, प्रवासातल्या प्रत्यक्ष प्रसंगांवर उभे केलेले, रोखठोक सामाजिक. हळबेंची 'मुक्तामाला' त्यानंतर, १८६१ साली आली. म्हणजे मराठी कादंबरी जन्मतः सामाजिक होती आणि नंतर वाचकांनी अद्भुताची निवड केली. ही निवड का केली, तिच्यातून त्यांना काय मिळत होते, हा खरा अभ्यासाचा प्रश्न. आम्ही तो 'बाल्यावस्था' या एका शब्दात गाडून टाकला. आणि गंमत म्हणजे त्याच अभ्यासक्रमात, पलीकडच्या प्रश्नपत्रिकेत, अद्भुत हा रस आणि विस्मय हा त्याचा स्थायीभाव असे आम्ही गुण देऊन पाठ करून घेतो. भरताने ज्याला रसांच्या पंक्तीत बसवले, त्याला आम्ही ओटीवर थांबवले.

हे सगळे मी देहूत बसून लिहितो आहे, म्हणून थोडे देहूविषयी. येथे इंद्रायणीच्या काठावर 'अद्भुत आपल्या मातीतले नव्हे, ते इंग्रजी वाचनाचे खूळ' असे कोणी म्हणाले, तर त्याला नदीकडे बोट दाखवावे. तुकोबांची गाथा पाण्यात बुडवली गेली, तेरा दिवस ते शिळेवर धरणे देऊन बसले, आणि वह्या कोरड्या वर आल्या. ही कथा येथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. श्रद्धेचा प्रश्न मी बाजूला ठेवतो. ज्याची त्याची श्रद्धा. कथा म्हणून पाहा. चमत्कार न मानणाऱ्या आधुनिक अभ्यासकांनी तिचा जो अर्थ लावला तो असा, की वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांना मुखोद्गत होते. लोकगंगेने गाथा तारली. आता रे ब्रॅडबरीच्या १९५३ सालच्या 'फॅरनहाइट ४५१' या कादंबरीचा शेवट आठवा. पुस्तके जाळणाऱ्या राजवटीतून पळालेली माणसे रानात राहतात आणि प्रत्येकाने एकेक ग्रंथ पाठ केलेला असतो. चमत्कारातून अद्भुत काढून टाकायला निघालेला आपला बुद्धिवादी नेमका एका विज्ञानकादंबरीच्या शेवटाशी येऊन पोचतो! ही जवळीक माझ्या ध्यानात आली ती समीक्षा वाचून नव्हे, विज्ञानकथांच्या वेडापायी.

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ज्या महाराष्ट्रात जादूटोण्याविरुद्ध २०१३ मध्ये कायदा करावा लागला, आणि त्याच वर्षी त्यासाठी झटणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेथे भुताखेतांच्या आणि मंत्रतंत्रांच्या कथांचे कौतुक कशाला? आक्षेप घेणाऱ्यांविषयी मला आदर आहे, पण त्यांचा नेम चुकतो. बुवा तुमच्याकडे विश्वास मागतो, आणि पाठोपाठ पैसे. अद्भुतकथा विश्वास मागतच नाही. पुस्तक मिटले की करार संपला. उलट या कथांचा मुरलेला वाचक फार चिकित्सक असतो. 'या जगाचे नियम काय? मंत्राला किंमत कोण मोजते? पहिल्या प्रकरणात अशक्य होते ते शेवटी शक्य कसे झाले?' असे तो लेखकाला धरून विचारतो. हीच सवय लागलेला माणूस बुवाच्या दरबारात फार वेळ बसू शकेल असे मला वाटत नाही. मुग्धा कर्णिकांनी टॉल्किनचे महाकाय काम 'स्वामी मुद्रिकांचा' म्हणून मराठीत आणले. ते वाचून कोणी अंगठीची पूजा मांडल्याचे ऐकिवात नाही.

वास्तववाद्यांना एक प्रश्न मात्र विचारावासा वाटतो. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील चाकणच्या पट्ट्यात कामाला जातात. तेथल्या वेल्ड शॉपमध्ये यंत्रमानवांचे हात ठिणग्या उडवत गाड्यांचे सांगाडे जोडत असतात. आषाढीच्या आधी याच घरांतली माणसे पालखीबरोबर आकुर्डीपर्यंत चालत जातात आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर हजर होतात. या आयुष्याचे वास्तव कोणत्या वास्तववादात मावते? एका विद्यार्थिनीने मला वहीत लिहिलेली गोष्ट दाखवली होती. कारखान्यातला एक यंत्रहात दर एकादशीला एक सेकंद उशीर करू लागतो, आणि तिचे वडील तो दोष वरिष्ठांना कळवत नाहीत. मांडणी कच्ची होती, शुद्धलेखन त्याहून कच्चे. पण तो एक सेकंद आमच्याकडच्या अनेक सभ्य, दुःखी, सदाशिव पेठी कथांत मला सापडलेला नाही. "सर, ही विज्ञानकथा आहे का? यात विज्ञान काहीच नाही," असे ती अपराधी चेहऱ्याने म्हणाली. हा अपराधीपणा तिला शिकवला कोणी?

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना पाठवण्यासाठी एक टिपण मी तयार केले आहे. 'रमलखुणा' आणि धारपांची 'लुचाई' एकाच घटकात, शेजारी शेजारी. त्यांच्यासोबत 'यक्षांची देणगी', आणि घटकाचे नाव सरळ 'अद्भुत'. 'लुचाई'ही उसनी आहे, हा मुद्दा पहिल्या पाच मिनिटांत निघेल. निघू दे. उसने घेताना धारपांनी काय बदलले आणि काय बदलता आले नाही, यावर निदान एक चांगली प्रश्नपत्रिका निघते.