करवंदाची जाळी दाव्यात लिहा



चैत्र सरत आला की शहापूर, मुरबाड, अंबरनाथकडच्या डोंगरांवर करवंदं काळी पडायला लागतात. दिवस उगवायच्या आत बाया-पोरी जाळीत शिरतात. हाताला काटे, बोटांना चीक. टोपली भरली की खर्डी, आटगाव, आसनगावला लोकल धरायची आणि कल्याण, डोंबिवली, ठाण्याला उतरायचं. मुरबाडकडच्या बाया एस.टी.नं कल्याणला येतात. पानावर वाटे लावून माल विकतात आणि संध्याकाळी मीठ-मिरची, तेल, तांदूळ घेऊन घरी. वीटभट्टी बंद व्हायला आलेली, शेताचं काम अजून लागलेलं नाही, अशा दिवसांतला हा पैसा आहे. कितीतरी घरांची पावसाळ्याची बेगमी यातूनच होते.

पण दावे भरायला बसलो की काय होतं? प्लॉट किती गुंठ्यांचा, दंडाची जुनी पावती आहे का, मोजणी कधी होणार, यावर रात्र जाते. करवंदाचं नाव निघत नाही. कुणी काढलंच तर उत्तर येतं, "ते काय, दोन महिन्यांचं पोरांचं खाणं. आधी जमीन मिळू दे."

मला हे पटत नाही. जमिनीचा लढा पुढंच राहिला पाहिजे, त्यात वाद नाही. पण प्लॉट म्हणजे काही सगळं जंगल नाही. करवंदाची जाळी, जांभूळ, आळव, मोहाचं झाड, कंदाची जागा हे सगळं प्लॉटच्या बाहेर आहे. ज्याच्या नावावर प्लॉट नाही, त्या घरालाही ते पोसतं. कातकरी वाडीत अशी घरं किती आहेत ते मोजून बघा.

ही गोष्ट आपल्याच मुलखाची नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळात विलायतेतल्या खेड्यांतही गरिबाच्या बाया-पोरं असंच एक काळं, काटेरी झुडपाचं फळ वेचायची. त्याला ब्लॅकबेरी म्हणतात. पोरं फळं वेचायला गेली म्हणून शाळेत हजेरी कमी, अशा नोंदी तिथल्या जुन्या शाळांच्या वह्यांत आहेत. तिथं गावाच्या सामाईक जमिनी कायदे करकरून जमीनदारांनी आधीच कुंपणात घातल्या होत्या. गरिबाला राहिलं काय, तर कुंपणाच्या झुडपावरचं फळ. आणि त्याच राणीच्या राज्यात इकडं १८७८ चा जंगल कायदा आला. ठाणे जिल्ह्यात त्याविरुद्ध एवढी ओरड झाली, की सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. पुढं १९२७ चा कायदा आला. त्यात जंगलातलं पान, फूल, फळ हे सगळं वनउपज ठरवलं आणि राखीव जंगलातून ते परवानगीशिवाय काढणं गुन्हा झाला. म्हणजे कागदावर आपली आजी करवंदाची चोर!

विलायतेत आज काय आहे? तिथल्या १९६८ च्या चोरीच्या कायद्यात रानचं फळ तोडणं चोरी नाही, पण विकण्यासाठी तोडलं तर चोरी ठरू शकते. खा, पण विकू नका. आपला २००६ चा वनहक्क कायदा याच्या पुढं गेला आहे. कलम ३(१)(ग) सांगतं, की परंपरेनं गोळा करत आलेल्या गौण वनउपजावर आपली मालकी आहे. गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचाही हक्क आहे. गावाच्या शिवेच्या आतलं असो की बाहेरचं. २०१२ च्या सुधारित नियमांनी त्यात भर घातली. माल जंगलाबाहेर योग्य त्या वाहनानं नेता येतो आणि गोळा करण्यावर कसलीही फी, रॉयल्टी घेता येत नाही. आधीच्या २००८ च्या नियमांत डोक्यावरचं ओझं, सायकल आणि हातगाडी एवढंच होतं.

कुणी म्हणेल, "गार्ड करवंदाला अडवत नाही, मग लिहायचं कशाला?" अडवत नाही ही त्याची मेहेरबानी झाली, आपला हक्क नाही झाला. उद्या त्या डोंगरावर रोपवन आलं, तारेचं कुंपण पडलं, रस्ता गेला, तर साहेब विचारणार, "इथं तुमचं काय होतं?" तेव्हा तोंडी सांगून चालत नाही, कागद लागतो. आणि जाळ्या कमी होताहेत हे डोळ्यांनी दिसतंय. खासगी जमिनी फार्महाऊसवाल्यांनी घेतल्या, जाळ्या सपाट केल्या, गेट लावलं. तिथं हा कायदा चालत नाही. म्हणून तर जंगलात उरलेली जाळी जास्त मोलाची.

पुरावा कुठून आणायचा, हीही अडचण नाही. पुराव्याच्या नियमात, म्हणजे नियम १३ मध्ये, कंदमुळं, चारा आणि रानातली खाण्याची फळं गोळा करायच्या जागा सामूहिक हक्काचा पुरावा म्हणून सांगितल्या आहेत. म्हणजे करवंदाची जाळी हीच पुरावा. वडीलधाऱ्यांचं सांगणं लिहून घेतलं तर तोही पुरावा धरतात. फक्त दावेदारानं स्वतःच स्वतःसाठी ते द्यायचं नाही. आणि जाळी कुठल्या खोऱ्यात, वाट कुठून, आधी कुठली पिकते, हे गावात कुणाला माहीत? म्हातारींना. वनहक्क समितीत बाया असतात, पण बैठकीत बोलतात किती? हा विषय असा आहे, की त्यांनी सांगायचं आणि बाप्यांनी लिहायचं.

तेव्हा या मोसमातच एवढं करा. समितीनं बायांबरोबर डोंगर फिरावा. जाळीच्या जागा, त्यांची आपली नावं आणि कंपार्टमेंट नंबर लिहावेत, नकाशावर खुणा कराव्यात. नमुना 'ब'मध्ये गौण वनउपजाच्या रकान्यात करवंद, जांभूळ, आळव नावानिशी घालावं. नमुना 'क'च्या नकाशात तो डोंगर आला पाहिजे. शेजारच्या पाड्याच्या बायाही त्याच जाळीवर येत असतील, तर आधी त्यांच्याशी बसून ठरवा, भांडण लावून घेऊ नका. हा कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता नाही, त्यामुळे कल्याण, अंबरनाथकडच्या वाड्यांनीही दावा करावा. तानसा अभयारण्याच्या हद्दीतल्या पाड्यांनाही तो लागू आहे.

हक्क मागायचा तर राखणही आपल्याकडंच. लोणच्याचा व्यापारी सांगतो म्हणून कच्चीच सगळी झोडून काढायची, वणवा लावायचा, प्लॉट मोकळा करताना बांधावरची जाळीही कोयत्यानं साफ करायची, हे ग्रामसभेनं ठराव करून थांबवलं पाहिजे. कलम ५ नं तो अधिकार ग्रामसभेला दिलाय. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढं आपला बांबू आपणच विकला. तिथं बांबू, इथं करवंद.

स्टेशनावरच्या जागेचा लढा वेगळा आहे. २०१४ चा फेरीवाला कायदा रेल्वेच्या जागेत लागू नाही. बाहेर पालिकेच्या रस्त्यासाठी आहे, तिथंही बायांना हुसकतात. त्यावर आपल्याला स्वतंत्र बैठक घ्यावी लागेल. पण दावा मंजूर असेल, तर टोपली अडवणाऱ्याला बाई एवढं तरी ठणकावून सांगू शकेल, की हा माल माझ्या गावाच्या मालकीचा आहे.

पाऊस पडला की करवंद संपतं. त्याच्या आत ग्रामसभा लावा. निम्मी माणसं हजर पाहिजेत आणि त्यांत एक तृतीयांश बाया. जाळीचा विषय पहिला घ्या.