शाळेचे निशाण की देणगीदाराचा फलक?

निमगाव सावासारख्या गावातील शाळेचा कबड्डी संघ तालुक्याच्या सामन्यांना निघतो, तेव्हा त्याच्यापुढे हल्ली बहुधा फ्लेक्सचा फलक असतो. त्यावर बोधचिन्ह, सुभाषित, चार-पाच रंग आणि सर्वांत ठळक देणगीदाराची छबी! खेळाडू जणू जाहिरातीचे भालदार. मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून संघ कोणाचा, हे मात्र उमगत नाही. वारकऱ्यांच्या पताकेवर सहसा अक्षरही नसते. तरी दिंडी दुरून ओळखू येते. शिवाय पातळ कापडावरील अक्षरे मागून उलटी दिसतात, याचा विचार कोण करतो? परस्परांवर उठून दिसणारे दोन रंग, एक ठसठशीत आकृती आणि गावच्या शिंप्याची शिवण एवढे पुरे. असे निशाण पुढल्या वर्षीच्या संघाच्या हाती देता येते. देणगीदाराचे नाव शाळेच्या वार्षिक अहवालात अवश्य छापावे.