बोगद्याची राखण

नवा पूल किंवा नवा बोगदा खुला होतो, तेव्हा मोठा समारंभ होतो. नारळ फुटतो, फीत कापली जाते, भाषणे होतात. दुसऱ्या दिवसापासून त्या बांधकामाची देखभाल सुरू होते. तिचा मात्र समारंभ कधीच होत नाही. पाण्याखालून जाणाऱ्या रेल्वे बोगद्यांच्या बाबतीत ही उपेक्षा महागात पडते, कारण पाणी कधी सुट्टी घेत नाही.

इंग्लंड आणि वेल्स यांना जोडणारा सेव्हर्न बोगदा हे याचे बोलके उदाहरण होय. सेव्हर्न नदीच्या रुंद मुखाखालून जाणाऱ्या या बोगद्याची लांबी सुमारे ७ किलोमीटर आहे. त्याचे काम १८७३ साली सुरू झाले. ऑक्टोबर १८७९ मध्ये खोदकाम करताना जमिनीतील एक प्रचंड झरा फुटला आणि चोवीस तासांच्या आत सारे काम पाण्यात बुडाले. आश्चर्य असे, की हे पाणी वरच्या नदीचे नव्हते; ते काठाच्या खडकातून आले होते. पळताना कामगारांकडून आतले एक लोखंडी दार उघडेच राहिले होते. ते बंद झाल्याशिवाय पाणी उपसणे शक्य नव्हते. १८८० साली अलेक्झांडर लँबर्ट नावाच्या पाणबुड्याने पाठीवर प्राणवायूचे उपकरण बांधून, गडद अंधारात सुमारे ३०० मीटर आत जाऊन ते दार लावले. पुढे १८८६ साली या बोगद्यातून गाड्या धावू लागल्या. त्याच्या अस्तरासाठी सुमारे ७ कोटी ६० लाख विटा लागल्या.

बांधकाम तेरा वर्षांत संपले. राखण मात्र आजही संपलेली नाही. तो झरा बुजवता आला नाही. त्याचे पाणी वळवून रोज सरासरी ५ कोटी लिटर पाणी पंपांनी उपसावे लागते. वाफेवर चालणारे जुने पंप १९६० च्या दशकाच्या आरंभी गेले आणि विजेचे पंप आले, पण उपसा चालूच राहिला. ओलावा, खारटपणा आणि जुनी काजळी यांमुळे लोखंड गंजते, रूळ झिजतात. २०१६ साली विद्युतीकरणाच्या तयारीसाठी हा बोगदा सहा आठवडे बंद ठेवावा लागला. तरीही शतकाहून अधिक काळ तो उपयोगी पडत आहे. बांधणाऱ्यांच्या कौशल्याइतकेच श्रेय उपसणाऱ्यांच्या चिकाटीला द्यावे लागेल.

महाराष्ट्रालाही जुन्या बोगद्यांचा अनुभव आहे. ठाण्यापुढील पारसिकचा बोगदा १९१६ साली सुरू झाला. तो नदीखालून नव्हे, डोंगरातून जातो. पण पाणी त्याचाही शत्रू आहे. कालांतराने डोंगरावर वस्ती वाढली, कचरा आणि सांडपाणी साचू लागले व गळतीची चिंता निर्माण झाली. बोगदा मजबूत असून भागत नाही. त्याच्या माथ्यावरचा निचराही सांभाळावा लागतो.

आता मुंबईची भुयारी मेट्रो मिठी नदीखालून धावते. हा टप्पा १० मे २०२५ रोजी खुला झाला. त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी मुसळधार पावसाचे पाणी आचार्य अत्रे चौक स्थानकात शिरले. तेथील प्रवेशद्वाराचे काम अपूर्ण होते. नदीने आत येण्याची वाट धरली नाही. पाणी आले ते रस्त्यावरून. सेव्हर्नच्या झऱ्याने दिलेला धडा तोच आहे. ज्या दिशेला पहारा असतो, तेथूनच पाणी येईल असे नाही.

देखभालीवर एवढा पैसा का घालवावा, असे विचारले जाते. नवे काम डोळ्यांना दिसते, देखभाल दिसत नाही, हे खरे. परंतु घराचे छप्पर पावसाळ्यापूर्वी शाकारले नाही, तर पुढे भिंतीच उभाराव्या लागतात. वेळेवर बदललेला पंप हा खर्च नसून बचत आहे.

मुंबई–अहमदाबाद अतिजलद रेल्वेसाठी ठाणे खाडीखालून सुमारे ७ किलोमीटरचा बोगदा आखला गेला आहे. अशा प्रत्येक प्रकल्पात बांधकामाच्या खर्चाबरोबरच पुढील अनेक वर्षांच्या देखभालीची तरतूद पहिल्या दिवशीच व्हायला हवी. राखीव पंप, प्रशिक्षित कामगार, गळतीची नियमित नोंद आणि पावसाळ्यापूर्वीची तपासणी यांवाचून कोणताही बोगदा पूर्ण झाला असे मानू नये.

गाडी बोगद्यातून सुखरूप बाहेर पडते, तेव्हा प्रवाशाला काहीच जाणवत नाही. त्याला काही जाणवू नये म्हणून कोणीतरी रात्रभर रूळ तपासलेला असतो, पंपाचा आवाज कान देऊन ऐकलेला असतो. त्या अनाम कामगारांच्या श्रमाला योग्य मोल आणि मान मिळणे, हीच बोगद्याची खरी राखण होय.