यादीतून गाळलेल्या वस्तू

दिवाळी तोंडावर आली की मध्यमवर्गीय घरात दोन याद्या तयार होऊ लागतात. पहिली वाणसामानाची. ती सोपी असते. रवा, पोहे, साखर आणि बेसन यांच्याबद्दल घरात फारसे मतभेद होत नाहीत. दुसरी यादी भेटवस्तूंची, आणि खरे रामायण घडते ते तिच्यापायी. पाडव्याला पत्नीला काय, भाऊबीजेला बहिणीला काय, जावयाला काय, वर्षभर धुणेभांडी करणाऱ्या बाईंना काय, असे एकामागून एक प्रश्न उभे राहतात. आणि बोनसची रक्कम मात्र एकदाच येते.

आपल्या आजी-पणजीला हा पेच फारसा पडत नसे, कारण तिची यादी रूढीनेच करून ठेवलेली होती. संक्रांतीला तिळगूळ, दसऱ्याला आपट्याची पाने, अधिक मासात जावयाला 33 अनारसे. आज कोणी याला जुनाट म्हणेल. परंतु त्यात एक मोठी सोय होती. आपट्याचे पान श्रीमंताघरचे काय आणि गरिबाघरचे काय, सारखेच! काय द्यायचे ते ठरलेले असले म्हणजे कमी दिल्याची लाज कोणाला वाटत नाही.

आता रूढीची ती गादी बाजाराने बळकावली आहे. दुकानात आणि मोबाइलवर वस्तूंचा असा पूर लोटला आहे की माणूस गोंधळून जावा. म्हणूनच ‘500 रुपयांच्या आत भाऊबीज’ किंवा ‘आजीसाठी 10 भेटी’ अशा तयार याद्या दिवाळीपूर्वी प्रसिद्ध होऊ लागतात. त्यांना नाके मुरडणाऱ्यांच्या पंक्तीत बसायला मी तयार नाही. भेटी निवडण्याचे काम बहुतेक घरांत गृहिणीच्याच माथी येते. तिचे बाजारातले चार हेलपाटे वाचवणारी यादी ही तिला मिळालेली दिवाळीची पहिली भेटच म्हटली पाहिजे.

परंतु यादी आणि यादी यांत अंतर असते. अमेरिकेत शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने 1872 साली टपालाने माल विकण्यासाठी एका कागदाची किंमतयादी काढली आणि दूर शेतावर राहणाऱ्यांना शहरातले भाव घरबसल्या कळू लागले. पुढे 1933 मध्ये सीअर्स कंपनीने नाताळच्या भेटींसाठी स्वतंत्र पुस्तक काढले. दोन्ही उपयोगी खरी. पण शेवटी ती दुकानदाराची यादी. ‘याहून चांगली वस्तू शेजारच्या दुकानात मिळते’ असे कोणता दुकानदार छापील? त्याच देशात 1936 साली ग्राहकांची एक संस्था निघाली. ती जाहिराती घेत नाही. वस्तू बाजारातून स्वतःच्या पैशाने विकत आणते, पारखते आणि वाईट ठरेल तिला वाईट म्हणते. आपल्याकडे 1975 मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबे संघ करून एकत्रित खरेदी करू लागली. वस्तू निवडणाराही ग्राहकच असला म्हणजे त्याचा डोळा साहजिकच मालाच्या गुणावर राहतो.

तेव्हा यादीची किंमत ओळखायची ती तिच्यात काय घातले आहे यावरून नव्हे. काय गाळले आणि कोणाच्या हितासाठी गाळले, यावरून. 50 उटण्यांतून 3 सुचवणाऱ्याने 47 बाजूला सारलेली असतात. ती वापरून पाहून सारली, की त्यांच्या मालकांनी पैसे दिले नाहीत म्हणून?

आपल्या हातातला हा अंकच पाहा. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही परंपरा सुरू झाली. दिवाळी अंक जाहिरातींच्या आधाराने उभा राहतो, यात लपवण्यासारखे काही नाही. कथेचे पान कोणते आणि साबणाचे कोणते, हे वाचकाला स्वच्छ दिसत असते. याद्यांच्या बाबतीत ही सीमारेषा पुसट होते, तिथेच घात होतो. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन शिफारस करणाऱ्याने ते ठळकपणे सांगितले पाहिजे, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल 2019 च्या कायद्यात 10 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण कायदा येईपर्यंत भाऊबीज होऊन गेलेली असते. म्हणून पारख आपणच करावी. एकाही वस्तूचा एकही दोष न सांगणारी यादी सरळ बाजूला ठेवावी. मुलांच्या खेळण्यांची यादी असेल, तर तीत आयएसआय चिन्हाचा उल्लेख आहे का ते बघावे. 1 जानेवारी 2021 पासून, हस्तकलेची काही खेळणी सोडली, तर ते सक्तीचे आहे.

आणि वाचकहो, उत्तमातली उत्तम यादीसुद्धा वस्तू ओळखते, माणूस ओळखत नाही. माझ्या परिचयाच्या एका वृद्ध मावशींच्या कपाटात सहा शाली आहेत. ‘ज्येष्ठांसाठी’ या सदराखाली शाल हटकून येते, त्याचा हा परिणाम. त्यांना वास्तविक हवा होता बंद पडलेला रेडिओ दुरुस्त करून. पण ते त्यांनी मुलांना सांगितले नाही, घरी कामाला येणाऱ्या बाईंना सांगितले. कारण शाली घेऊन येणारा प्रत्येक जण दारातूनच परतण्याच्या घाईत होता. बाईंना तेवढी बसायला सवड होती.

चांगल्या यादीमुळे बाजारातली एक संध्याकाळ वाचते. ती संध्याकाळ ज्याला भेट द्यायची त्याच्याकडे बसून घालवावी. पुढच्या वर्षीची यादी तिथेच तयार होते.