हसण्यावारी गेलेले भूत

मुरुडच्या नबाबाच्या राजवाड्यात रामसे बंधूंनी एके काळी भुते नाचविली. त्यांच्या ‘पुराना मंदिर’ने (१९८४) प्रेक्षकांना घाबरविले आणि गल्लाही भरला. पुढे ‘बंद दरवाजा’सह (१९९०) त्याचा डीव्हीडी-संच परदेशात निघाला. आता हौशी मंडळी घरी बसून, टिंगल करीत तो पाहतात.

एक पक्ष म्हणतो, ही कलेची थट्टा! दुसरा म्हणतो, मूळ चित्रपटच थट्टा! आम्ही म्हणतो, टिंगल करणारा निदान शेवटपर्यंत बसतो तरी. नावाजलेल्या किती चित्रपटांना हे भाग्य लाभते?

तेव्हा वाचकहो, चित्रपटाला खुशाल हसा. माणसाला हसू नका. सामरी झालेले अनिरुद्ध अगरवाल शिकलेले इंजिनियर. पण भुताचे सोंगही त्यांनी चोख वठविले.