वाट जमीनदाराची की माणसाची?

नॉर्वे देशात हिवाळा सरत आला, विशेषतः ईस्टरची सुट्टी लागली, की बायकापोरांसह कुटुंबेच्या कुटुंबे पायांना लाकडी वा प्लॅस्टिकच्या लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या डोंगराकडे निघतात. हे स्कीइंग उतारावरून नुसते घसरण्याचे नव्हे, मैलोन्‌मैल चालण्याचे. बुटाचे टोक पट्टीला जखडलेले, टाच मोकळी. चढ लागला की तळाला केसाळ पट्टा लावतात. तो पुढे सरकू देतो, मागे घसरू देत नाही. तेलेमार्क प्रांतातले गाउस्ताटोप्पेन हे १८८३ मीटर उंचीचे शिखर. हवा स्वच्छ असेल तर तिथून देशाचा सहावा हिस्सा दिसतो, असे सांगतात. असा माथा गाठायचा, संत्री सोलायची, डोळे भरून देश पाहायचा आणि उजेडी परतायचे. हवा बिघडली तर अर्ध्यातून माघारी फिरण्यात लाज नाही, हा तिथल्या डोंगरनियमांपैकी एक नियमच आहे.

वाचक विचारतील, गोऱ्यांच्या या मौजेशी आमचा काय संबंध? संबंध आहे आणि तो कायद्याचा आहे. त्या एका दिवसात हा माणूस कितीतरी जणांच्या खाजगी जमिनी तुडवतो आणि कोणाचीही परवानगी घेत नाही. त्याला ती घ्यावीच लागत नाही! पिढ्यान्‌पिढ्यांची ही रूढी तिथल्या संसदेने १९५७ साली कायद्यात लिहिली. लागवडीखाली नसलेल्या जमिनीवरून बारा महिने पायी वा स्कीवरून जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. लागवडीच्या शेतातूनसुद्धा, जमीन गोठलेली किंवा बर्फाने झाकलेली असताना, म्हणजे हिवाळ्याच्या महिन्यांत, जाता येते. अट एवढीच की नासधूस करायची नाही आणि घराच्या अंगणात शिरायचे नाही. मालकाने विनाकारण कुंपण घालून ही वाट अडवली तर तोच कायदा मोडतो.

ज्याला आधुनिक स्कीइंगचा जनक मानतात तो सोंद्रे नोरहाइम (१८२५-१८९७) याच तेलेमार्कचा आणि भूमिहीन कुळाचा मुलगा. दुसऱ्याच्या जमिनीच्या तुकड्यावर झोपडी बांधायची आणि मोबदल्यात मालकाच्या शेतात राबायचे, असे ते जिणे. १८६८ साली त्याने राजधानीतली स्पर्धा जिंकली. १८८४ साली अमेरिकेत गेला आणि तिथेच वारला. त्याच्या कबरीवर बराच काळ नावसुद्धा नव्हते. पुढे १९५२ च्या ओस्लो हिवाळी ऑलिंपिकची ज्योत त्याच्याच जन्मघराच्या चुलीत पेटवली गेली. तो गरीब होता, अस्पृश्य नव्हता, हा फरक आम्ही विसरत नाही. नॉर्वे म्हणजे स्वर्ग आहे असाही आमचा दावा नाही. फोसेन येथील पवनचक्क्यांच्या परवान्यांमुळे रेनडियर पाळणाऱ्या सामी आदिवासींच्या सांस्कृतिक हक्काचा भंग झाला, असे तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाला २०२१ साली सांगावे लागले.

पण रूढी आमच्याकडेही होती. तिने वाट दिली नाही, पाणी तोडले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा सवर्णांनी रूढीचाच दाखला देत कोर्ट गाठले. ती अनादी रूढी सिद्ध झाली नाही, असे मुंबई हायकोर्टाने म्हणायला १९३७ साल उजाडले. पुढे संविधानाच्या कलम १५(२) ने सार्वजनिक विहिरी, तलाव, रस्ते सर्वांना खुले केले.

परंतु कलम १५(२) मधला रस्ता सार्वजनिक आहे. बौद्धवाड्यातून स्मशानापर्यंतची वाट जर कोणाच्या शेतातून जात असेल तर काय? ऑगस्ट २०१९ मध्ये तामिळनाडूत वाणियंबाडीजवळ एका दलिताचे प्रेत दोरांनी बांधून पुलावरून खाली सोडावे लागले, कारण नदीकडे जाणारी वाट शेतमालकांनी अडवली होती. मेल्यावरही वाट नाही!

आमच्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३ पाहा. बांधावरून जाण्याचा हक्क तहसीलदाराकडे कोण मागू शकतो? ज्याच्या नावावर जमीन आहे तो. ज्याच्याकडे सातबाराच नाही त्याने या कलमाखाली कोणत्या तोंडाने अर्ज करायचा? नॉर्वेत वाटेचा हक्क माणसाला चिकटलेला आहे, आमच्याकडे तो जमिनीला चिकटलेला आहे. आणि जमीन कोणाकडे आहे, हे आम्ही सांगायला नको.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक वस्तीपासून स्मशानभूमी, पाणवठा आणि डोंगर-गायरान येथपर्यंतच्या वहिवाटीच्या वाटा गाव नकाशावर नोंदवा. ती वाट अडवली तर भूमिहीनालाही तहसीलदाराकडे थेट दाद मागता येईल, अशी दुरुस्ती कलम १४३ मध्ये करा. समाजबांधवांनी ग्रामसभेत हा ठराव मांडावा, लेखी मांडावा आणि त्याची पोच घ्यावी. तिकडे मौजेसाठी चालणाऱ्याला कायदा वाट देतो. इकडे खांद्यावर तिरडी घेऊन निघालेल्याला ती का मिळू नये, याचे उत्तर सरकारने द्यावे.

जयभीम!